दीड टन कशासाठी? एसी आणि हीटरचं माप ठरवताना

एसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खोली किती स्क्वेअर फुटांची? आकडा सांगितला की लगेच उत्तर मिळतं, एक टन किंवा दीड टन. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, थोडा मोठाच घेऊया, ऐन उन्हाळ्यात कमी पडायला नको. विकणाऱ्याचीही हरकत नसते. अशा रीतीनं खोलीच्या गरजेपेक्षा दीडपट, कधी दुप्पट ताकदीचं यंत्र भिंतीवर चढतं आणि पुढची दहा-बारा वर्षं तिथेच राहतं.

घरातल्या विजेच्या किंवा गॅसच्या बिलाचा मोठा वाटा गार-गरम करण्यावर जातो, आणि तो किती असणार हे या एका मिनिटाच्या बोलण्यात ठरून जातं. म्हणून त्या मिनिटाऐवजी एक संध्याकाळ द्यावी, कागद-पेन घेऊन बसावं, असं मला कळकळीनं वाटतं. गणित शाळेतलंच आहे, गुणाकार आणि बेरीज.

आधी टन. एसीच्या टनाचा यंत्राच्या वजनाशी काही संबंध नाही. यंत्रं येण्याआधी गारव्यासाठी बर्फ वापरत. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता उपसण्याचा वेग म्हणजे एक टन. ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक) किंवा साधारण ३.५ किलोवॉट. दीड टन म्हणजे ५.३ किलोवॉट. हे आकडे खोलीतून बाहेर काढल्या जाणाऱ्या उष्णतेचे आहेत, मीटरवर चढणाऱ्या विजेचे नाहीत. वीज त्याच्या तिसरा-चौथा हिस्सा लागते, चांगल्या यंत्राला त्याहून कमी. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो; त्यामुळे एक किलोवॉट विजेत तीन-चार किलोवॉट उष्णता हलवता येते.

तेव्हा खरा प्रश्न हा की त्या खोलीत दर तासाला किती उष्णता शिरते. यंत्राला तेवढीच बाहेर काढायची असते.

एका खोलीचा हिशोब

वरच्या मजल्यावरची एक खोली घेऊ. १३ फूट बाय साडेअकरा फूट, म्हणजे साधारण १५० स्क्वेअर फूट किंवा १४ चौरस मीटर. उंची ३ मीटर. वर उघडा काँक्रीटचा स्लॅब. पश्चिमेची भिंत बाहेरची, तिच्यात २ चौरस मीटरची खिडकी, साधी एकेरी काच. बाकीच्या तीन भिंतींपलीकडे एसी नसलेल्या खोल्या. उन्हाळ्यातली दुपारची चारची वेळ, बाहेर ३६ अंश, आत आपल्याला हवेत २६.

खिडकीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहज ६०० वॉट ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. दोन चौरस मीटरला झाले ९६० वॉट. काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकानं शिरणारी उष्णता आणखी ११५ वॉट. म्हणजे खिडकी एकटीच १,०७५ वॉट आणते. चक्क हजार वॉटचा हीटर खोलीत चालू ठेवावा, तेवढी ही उष्णता आहे.

मग छत. उन्हात तापलेल्या, इन्सुलेशन नसलेल्या स्लॅबमधून एक अंश फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे ३ वॉट आत येतात. या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. तो जितका कमी तितकं बरं. स्लॅबचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती उष्णता काही तास उशिरा आत पोचते, हे धरून परिणामी फरक २२ अंश घेऊ. १४ गुणिले ३ गुणिले २२, म्हणजे ९२५ वॉट. पश्चिमेच्या विटांच्या भिंतीचा असाच हिशोब केला की ३६० वॉट येतात. आतल्या भिंती आणि जमीन मिळून, पलीकडच्या खोल्या चार अंशांनी गरम आहेत असं धरून, ४०० वॉट.

हवेचा हिशोब थोडा वेगळा. दार-खिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं समजू. ती हवा १० अंशांनी गार करायला १४० वॉट लागतात. पण बाहेरची हवा दमटही असते. तिच्यातली जास्तीची वाफ एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, पाणी होऊन गळते तेव्हा तिची सुप्त उष्णताही यंत्राला उपसावी लागते, आणि तो आकडा येतो २७० वॉट. हवा गार करण्याच्या जवळजवळ दुप्पट काम ती कोरडी करण्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत दोन माणसं, स्वस्थ बसलेला माणूस शंभर-सव्वाशे वॉट उष्णता देतो, म्हणून २३०. दिवे, पंखा, कॉम्प्युटर मिळून २००.

सगळ्याची बेरीज ३,६०० वॉट, म्हणजे एक टनाला अगदी किंचित जास्त.

आता हीच खोली तीन-चार मजले खाली आणा आणि तिची बाहेरची भिंत उत्तरेकडे वळवा. वर तापलेला स्लॅब नाही, माणसं राहत असलेली खोली आहे. खिडकीवर थेट ऊन नाही. खिडकी २७५, छत १४०, बाहेरची भिंत २००, बाकी सगळं तेच. बेरीज १,८५५ वॉट. अर्ध्या टनाच्या जवळपास. क्षेत्रफळ तेच १५० स्क्वेअर फूट, गरज निम्मी. म्हणूनच नुसतं क्षेत्रफळ विचारून दिलेलं उत्तर मला पटत नाही. ते एखाद्या खोलीला लागू पडतं, पण ती आपलीच खोली असेल याची खात्री कोण देणार?

या बेरजेतले माझे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या घराचे वेगळे असतील. पण घराच्या संपूर्ण यंत्रणेसाठी तंत्रज्ञ करतात ती मोजणी याच जातीची असते. अमेरिकेत तिची ठरलेली पद्धत आहे, तिला मॅन्युअल जे म्हणतात: प्रत्येक खोली, प्रत्येक खिडकी कोणत्या दिशेला, काच कसली, छत कसलं, हे सगळं भरून मग माप काढायचं. बाहेरचं तापमान धरतानाही आजवरचा सर्वांत तापलेला दिवस धरत नाहीत. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी फक्त एक टक्का, म्हणजे ८८ तास ज्याच्या वर जातात, तसं तापमान धरतात. त्या ८८ तासांत खोली एखाद्या अंशानं कोमट झाली तरी चालेल. उरलेल्या साडेआठ हजार तासांसाठी यंत्र योग्य मापाचं असणं जास्त मोलाचं.

मोठं घेतलं तर बिघडतं काय?

माप कसं फुगतं ते आधी पाहा. गरज ३,६०० वॉट. कुणी सुरक्षिततेसाठी १५ टक्के वाढवले, ४,१४०. बसवणाऱ्यानं आपले २० टक्के घातले, ४,९७०. या आकड्याचं यंत्र मिळत नाही, मग वरचं घेतलं: दीड टन, ५,३०० वॉट. कुणीही वेडेपणा केलेला नाही, प्रत्येकानं थोडी काळजीच घेतली. तरी एक टनाच्या जागी दीड टन आला.

त्याचा त्रास भर उन्हाळ्यात जाणवत नाही. तो जाणवतो दमट रात्री. त्याच खोलीत पावसाळ्यातली रात्र धरा: बाहेर २८ अंश आणि हवा ओलसर, आत २६. ऊन नाही, भिंतींतून फारसं काही येत नाही. हवेचं तापमान सांभाळायला ४०० वॉट पुरतात. पण फटींतून येणारी वाफ आणि दोन माणसांच्या श्वास-घामातली वाफ मिळून जवळपास ४३० वॉटची सुप्त उष्णता येते. पाण्यात सांगायचं तर तासाला सहाशे ग्रॅम, आठ तासांच्या झोपेत पाच लिटर. एवढं पाणी हवेतून काढलं तरच खोली कोरडी वाटेल.

एकूण गरज साधारण ८३० वॉट आणि यंत्र ५,३०० चं. यंत्र साध्या जुन्या पद्धतीचं, चालू-बंद होणारं असेल, तर तासातून नऊ-दहा मिनिटांत त्याचं काम संपतं, तेही तीन हप्त्यांत. प्रत्येक हप्ता तीन मिनिटांचा. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर पहिला काही वेळ नुसती कॉइल गार होण्यात जातो. मग तिच्या बारीक पत्र्यांवर दव धरू लागतं. ते थेंब एकमेकांत मिसळून जड होतील, खाली ट्रेमध्ये उतरतील आणि ड्रेन पाइपातून बाहेर पडतील, याला आणखी वेळ लागतो. इथे त्याआधीच थर्मोस्टॅट म्हणतो, झालं, २६ आले. कॉम्प्रेसर बंद. आतला पंखा मात्र फिरतच राहतो आणि ओल्या कॉइलवरून वाहणारी हवा तेच पाणी वाफ करून पुन्हा खोलीत आणते. भिंतीवरचा आकडा २६ दाखवतो, चादर मात्र ओलसर लागते. मग माणूस २२ वर नेतो. आता अंग गारठतं, बिल वाढतं आणि थंड भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी धरायला वाव मिळतो.

विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली, तीही माणसांना गार वाटावं म्हणून आखलेली नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसत नसत. हवेतलं पाणी काबूत ठेवणं हे या यंत्राचं जन्मापासूनचं काम आहे, आणि गरजेपेक्षा मोठं यंत्र नेमकं तेच काम नीट करत नाही.

झीजही वाढते. दर वेळी सुरू होताना कॉम्प्रेसरला झटका बसतो, आणि सुरुवातीची काही मिनिटं यंत्र पूर्ण ताकदीला पोचलेलं नसतं, पण वीज मात्र पूर्ण घेत असतं.

"पण मोठा एसी पटकन गार करतो ना?" हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचंही गणित करू. आपल्या खोलीत सुमारे ५० किलो हवा आहे. ती १० अंशांनी उतरवायला एक टनाला जेमतेम अडीच मिनिटं लागतात. खोली तापलेली वाटते ती भिंती आणि स्लॅबमुळे. त्या स्लॅबचंच वजन पाच टनांच्या आसपास भरेल, आणि तो फक्त एक अंशानं उतरवायला एक टनाची पूर्ण ताकद वीस-बावीस मिनिटं खर्ची पडते. दीड टन घेतला तर चौदा-पंधरा. एवढ्या फरकासाठी वर्षभर चुकीचं माप सांभाळायचं का? वीस मिनिटं आधी सुरू करणं हा त्याहून साधा उपाय आहे.

आणि एक गैरसमज मला दूर करावासा वाटतो. भर दुपारी एसी एकसारखा चालला की लोक म्हणतात लहान पडतोय. वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी यंत्र जवळजवळ अखंड चालत असेल आणि ठरवलेलं तापमान धरून असेल, तर माप अगदी बरोबर आहे. घरात आधीचा साधा एसी असेल तर या निरीक्षणाचा छान उपयोग होतो. अशा दुपारी तासभर घड्याळ लावून कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो ते टिपा. ४० मिनिटं चालला तर गरज त्याच्या दोन-तृतीयांश. दीड टनाच्या जागी पुढच्या वेळी एक टन पुरेल, आणि हे उत्तर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त भरवशाचं, कारण ते तुमच्याच घरानं दिलेलं आहे.

इन्व्हर्टर असला की मापाची काळजी मिटते?

बरीचशी हलकी होते, मिटत नाही. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करू शकतो, त्यामुळे गरज निम्मी असताना तो निम्म्या वेगानं शांतपणे चालत राहतो. त्यात वीजही वाचते, कारण कॉइल मोठी आणि काम थोडं अशी स्थिती उष्णता हलवायला सोयीची असते. म्हणून इन्व्हर्टर घेताना किंचित मोठं माप झालं तर मी कुरकुर करणार नाही.

पण वेग कमी करायलाही मर्यादा असते. माहितीपत्रकात क्षमतेचे तीन आकडे शोधा: किमान, नेहमीची आणि कमाल. दीड टनाच्या एखाद्या यंत्राची किमान क्षमता दीड किलोवॉट असेल, तर आपल्या त्या ८३० वॉटच्या रात्री तेही चालू-बंदच होणार. पुन्हा तेच ओलं अंथरूण. माझ्या मते इन्व्हर्टर निवडताना किमान क्षमतेचा आकडा कमाल क्षमतेपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सहसा कुणी विचारत नाही. शिवाय कमी वेगात कॉइल तितकीशी गार नसते, त्यामुळे पाणी कमी गळतं.

उलट बाजूही सांगायला हवी. पत्रकावरची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना. बाहेर ४५ झाले की तेच यंत्र कमी उष्णता उपसतं आणि वीज जास्त खातं. जिथे उन्हाळा असा असतो तिथे त्या तापमानाला यंत्राची क्षमता किती हे विचारूनच माप ठरवावं. काही पत्रकांत ४६ अंशांचा आकडाही दिलेला असतो. आउटडोअर युनिट जाळी लावलेल्या अरुंद कोनाड्यात कोंबलं तर हीच स्थिती आपण स्वतःहून ओढवून घेतो. खोलीतून काढलेली साडेतीन किलोवॉट उष्णता आणि कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज असं सगळं ते बाहेर फेकत असतं. ती गरम हवा तिथेच घुटमळली तर युनिटभोवती बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापमान होतं.

स्टार, रेटिंग आणि खरी बचत

कार्यक्षमता म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट उष्णता हलवली. पाच हलवली तर आकडा ५. हंगामभराच्या बदलत्या तापमानांची सरासरी काढून हा आकडा दिला की तो हंगामी होतो. अमेरिकेत एसईईआर, भारतात आयएसईईआर. अमेरिकी आकडा बीटीयूमध्ये असल्यामुळे मोठा दिसतो, त्याला ३.४ नं भागलं की ओळखीच्या मापात येतो, तरी चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे दोन देशांची लेबलं थेट ताडून पाहू नयेत. प्रत्येक लेबलामागे एक गृहीत धरलेला वापर असतो. आयएसईईआरमध्ये वर्षाला १,६०० तास आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश असं धरलेलं आहे. तुमचा वापर तसा नसेल तर लेबलवरची वार्षिक युनिट्सही तुमची नव्हेत. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होत जातात, म्हणून जुन्या लेबलवरचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार एक समजू नका. स्टार सोडा, आकडा वाचा.

आणि तो वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. समजा वर्षभरात ३,२०० युनिट उष्णता उपसायची आहे. कार्यक्षमता ३ असेल तर वीज लागेल १,०६७ युनिट. ४ असेल तर ८००. ५ ला ६४०, ६ ला ५३३. पहिल्या पायरीला २६७ युनिट वाचली, दुसरीला १६०, तिसरीला १०७. पायरी दर वेळी एकाचीच, बचत मात्र आटत जाते. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून मोजके दिवस एसी लागत असेल आणि उष्णता ६०० युनिटच असेल, तर ५ वरून ६ वर जाऊन वर्षाला वीस युनिट वाचतील. तिथे वरचं मॉडेल घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. रोज रात्रभर चालणाऱ्या खोलीत मात्र जरूर घ्यावं. वर्षाची वाचणारी युनिट गुणिले आपला दर गुणिले यंत्राचं आयुष्य, आणि ते दोन मॉडेलांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून पाहायचं. झालं.

आता आपल्या पश्चिमेच्या खोलीकडे परत येऊ, कारण खरी बचत तिथेच आहे. खिडकीला बाहेरून आडोसा द्या, छज्जा, ताडपत्री, बांबूचा पडदा, काहीही. बाहेरूनच हवा, आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काचेच्या आत येऊन चुकलेलं असतं. बाहेरच्या चांगल्या आडोशानं खिडकीचे १,०७५ वॉट ३०० वर येतात. स्लॅबवर पाच सेंटिमीटर जाडीचं चांगलं फोमचं इन्सुलेशन घातलं की यू-व्हॅल्यू ३ वरून ०.५ वर येते आणि छताचे ९२५ वॉट होतात १५५. एकूण गरज ३,६०० वरून २,०५५ वॉट. एक टनाची खोली पाऊण टनाच्या आत आली. रेटिंगची कोणतीही एक पायरी एवढं देत नाही, आणि वीज गेली तरी आडोसा आणि इन्सुलेशन काम करतच राहतात. म्हणून क्रम असा असावा: आधी ऊन अडवा, छत झाका, फटी बुजवा, मग बेरीज करा, मग यंत्र निवडा. उलट्या क्रमानं गेलात तर सुधारलेल्या घरात जुन्या मापाचं मोठं यंत्र उरतं.

पंख्यालाही हिशोबात घ्या. अंगावरून वारा फिरत असला की दोन-तीन अंश जास्त तापमानही तितकंच सुखाचं वाटतं, आणि पंख्याला लागतात तीस ते सत्तर वॉट.

गरम करायचं असेल तेव्हा

हिशोबाची रीत तीच, फक्त उष्णता बाहेर जाते. थंडीत सर्वांत वाईट वेळ पहाटेची, म्हणून ऊन धरायचं नाही. बाहेर २ अंश आणि आत २० हवे असतील तर आपल्या वरच्या खोलीचं छत ७५६ वॉट गमावतं, भिंत ३६०, खिडकी २०५, फटींची हवा २५०. बेरीज दीड किलोवॉटच्या थोडी वर. छत झाकलं तर साडेनऊशेच्या आत.

साधा विजेचा हीटर एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. ऑइलचा असो, सळईचा असो की सिरॅमिकचा, यात फरक पडत नाही. त्यामुळे "जास्त कार्यक्षम" असं लिहिलेल्या विजेच्या हीटरला जास्त पैसे देऊ नका. हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, तेवढ्याच विजेत तीन-चार युनिट देतो. मात्र त्याची पत्रकावरची क्षमता बाहेर ७ अंश असतानाची असते. गारठा वाढतो तशी घराची गरज वाढते आणि हीट पंपाची ताकद घटते. दोन्ही जिथे जुळतात त्या तापमानाखाली जोडीला दुसरी सोय लागते. ते तापमान तुमच्या भागात वर्षातून किती तास असतं यावर माप ठरवावं. दोन-चार रात्रींसाठी मोठा हीट पंप घेण्यापेक्षा त्या रात्रींपुरता साधा हीटर लावणं परवडतं.

गॅसच्या बॉयलरमध्ये एक खुबी आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवतो आणि नव्वद टक्क्यांच्या वर जातो, पण त्यासाठी रेडिएटरमधून, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या पॅनेलमधून, परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा गार असावं लागतं. रेडिएटर मोठे असले तर कमी गरम पाण्यातही खोली उबदार राहते. हीट पंपाचंही तसंच, ५५ ऐवजी ३५ अंशांचं पाणी पुरलं तर वीज बरीच कमी लागते. म्हणजे उष्णता तयार करणारं यंत्र गरजेइतकंच घ्यायचं, पण ती खोलीत सोडणारा रेडिएटर किंवा जमिनीखालची नळी ऐसपैस ठेवायची.

मोठा एसी आधीच बसवला असेल तर

तो काढून टाकायची गरज नाही. पंखा सतत चालू ठेवण्याऐवजी ऑटोवर ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी परत खोलीत येणं कमी होईल. दमट दिवसांत पंख्याचा वेग कमी करा किंवा ड्राय मोड लावा. हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त पाणी सोडते. फिल्टर धुवा. दारा-खिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी लावा, कारण फटींतून येणारी वाफ हेच दमट रात्रींचं मुख्य ओझं आहे. शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवून दोन्ही खोल्या त्याच यंत्रावर चालवता आल्या तर त्याला पुरेसं काम मिळतं आणि ते जास्त वेळ चालतं. त्यानंतर एखाद्या दमट रात्री बाहेर जाऊन ड्रेन पाइपाखाली भांडं ठेवा आणि तासाभरानं किती पाणी जमलं ते बघा. दोन माणसांच्या बंद खोलीत अर्धा लिटरच्या आसपास जमत असेल तर यंत्र हवा नीट कोरडी करतंय. भांड्याचा तळही भिजला नसेल, तर वरच्यापैकी एकेक उपाय करून पुन्हा मोजा.